न्यूयॉर्कचा भाव आणि आपल्या उसाचे बिल



गोष्ट नोव्हेंबर २०२३ मधली आहे. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि नोंदीच्या तक्रारी ऐकायला आम्ही गट ऑफिसवर बसलो होतो. सगळा गाव ज्यांना दादा म्हणतो असे एक वडीलधारे सभासद आत आले. नातवाचा मोबाईल आमच्यापुढे धरून म्हणाले, "साहेब, हे बघा. न्यूयॉर्कला साखर अठ्ठावीस सेंट झाली म्हणत्यात. बारा वर्सांत असा भाव न्हवता. आता आमच्या बिलात त्यातलं काय येणार तेवढं सांगा."

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र आम्ही वळसा घालून दिले. "दादा, निर्यात बंद आहे, पण इथेनॉल आहे ना! आता उसाला वाईट दिवस नाहीत." हे वाक्य आम्ही पहिल्यांदा बोलत नव्हतो. त्याआधीची दोन वर्षे शिवारफेरीत, पीक मेळाव्यात, लागण नोंदीच्या वेळी आम्ही हेच बोलत आलो होतो. शेतकी खात्याचा माणूस बोलतो म्हणजे काही तरी आधार असेल, असे समजून कित्येकांनी सोयाबीन-हरभऱ्याचे रान उसाखाली आणले.

त्यानंतर काही आठवड्यांतच, ७ डिसेंबर २०२३ रोजी, केंद्र सरकारचा आदेश आला. त्या वर्षी उसाचा रस किंवा सिरपपासून इथेनॉल करायचे नाही. आठवडाभराने थोडी ढील मिळाली, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत मुभा झाली. जानेवारीत मळीच्या निर्यातीवर ५० टक्के कर बसला. ज्या कारखान्यांनी आसवनीसाठी बँकांची कर्जे उचलली होती त्यांचे हिशेब एका दिवसात कोलमडले.

दादा पुन्हा ऑफिसला आले ते खताच्या स्लिपसाठी. रागावले नाहीत. जाता जाता दारात थांबून एवढेच म्हणाले, "साहेब, इथेनॉल म्हनला व्हता."

त्या वाक्यामुळे हा लेख लिहीत आहोत. दादांना त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर आम्ही आता देतो. थोडे लांबेल, कारण उत्तर आपल्या फडातून निघून न्यूयॉर्क, जिनिव्हा, ब्राझील असे फिरून परत येते.

आधी हिशेब करू. न्यूयॉर्कला कच्च्या साखरेचा सौदा रतलावर, म्हणजे पौंडावर होतो. किलोला साधारण सव्वादोन पौंड. अठ्ठावीस सेंटाचा पौंड म्हणजे किलोला ६१-६२ सेंट, आणि तेव्हाच्या ८३ रुपयांच्या डॉलरने किलोला पन्नास रुपयांच्या वर. आपल्या गोदामातली साखर तेव्हा चाळिशीच्या आत विकत होती. म्हणजे दादांच्या मोबाईलमध्ये काही खोटे नव्हते. बंदरापर्यंतचा खर्च वजा केला तरी क्विंटलमागे बरेच पैसे राहत होते. ते आपल्याला मिळाले नाहीत, कारण दरवाजा बंद होता. २०२१-२२ च्या हंगामात देशातून विक्रमी, सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. त्यानंतर १ जून २०२२ पासून निर्यातीला परवानगी आणि कोटा लागला, पुढच्या हंगामात साठ लाख टनांच्या आसपास कोटा मिळाला, आणि २०२३-२४ मध्ये काहीच नाही. २०२३ चा ऑगस्ट देशभर कोरडा गेला. विहिरी हिवाळ्यातच तळाला गेल्या. साखर कमी होणार असा अंदाज आणि समोर २०२४ ची लोकसभा निवडणूक. राज्यकर्ता कुठल्याही पक्षाचा असो, अशा वर्षी त्याला शहरातल्या किराणा दुकानातली साखर आधी दिसते.

याचा राग येणे साहजिक आहे. पण एक गोष्ट पाहा. आता असे किती घर आहेत की ज्यांचा एक मुलगा पुण्याला किंवा नवी मुंबईला नाही? थोरला तिथे भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्या घरी साखर किलोला दोन रुपयांनी चढली की बोलणे होते. धाकटा इथे पाटावर बसून विचारतो, यंदा दर किती. दोघे एकाच सातबाऱ्यावर आहेत. शहर आणि खेडे यांचे भांडण म्हणून जे वर्तमानपत्रात येते ते पुष्कळदा एकाच घरातले असते. आणि खरे सांगायचे तर देशातली साखर घरच्या चहात जाते त्याहून मोठा वाटा बिस्किटे, मिठाई आणि थंड पेये करणाऱ्यांकडे जातो. गरीब ग्राहकाच्या नावाने भाव दाबला की स्वस्त साखर तिथेही पोचते. यावर कोणी बोलत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, जी आम्ही मेळाव्यात कधी सांगत नव्हतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यूयॉर्कला भाव दहा सेंटांच्या आसपास घुटमळत होता. त्या वेळच्या सत्तर रुपयांच्या डॉलरने किलोला पंधरा-सोळा रुपये! दरवाजा सताड उघडा असता आणि परदेशी साखरेवर आयात कर नसता, तर मुंबई बंदरावर उतरलेल्या साखरेपुढे आपली साखर कशी टिकली असती? त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला. म्हणजे जी भिंत २०२३ मध्ये आपल्याला बाहेर जाऊ देत नव्हती तिनेच २०१८ मध्ये आपल्याला तारले. भिंत एकच आहे.

जुन्या सभासदांना लेव्ही आठवत असेल. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शंभरातली ६५ पोती सरकार ठरवील त्या भावाने रेशनसाठी द्यावी लागत. पुढे ते प्रमाण उतरत गेले, २००२ नंतर दहा टक्क्यांवर आले, आणि २०१३ मध्ये डॉ. रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर लेव्ही बंद झाली. महिन्याचा विक्री कोटाही तेव्हा गेला; पण २०१८ मध्ये किमान दराबरोबर तो वेगळ्या वेषात परत आला. १९९८ मध्ये साखर धंद्याचा परवाना रद्द झाला, खाजगी कारखाने उभे राहिले. डंकेल प्रस्तावावरून आपल्याकडे केवढी भांडणे झाली! कै. शरद जोशी खुल्या बाजाराच्या बाजूने उभे राहिले, इतरांनी विरोधात मोर्चे काढले. बाजार खुला होणार असे दोन्हीकडचे गृहीत धरून होते. साखरेपुरता तरी तो अर्धाच उघडला. उसाचा दर सरकार ठरवते, साखरेचा तळाचा भाव सरकार ठरवते, किती विकायची ते सरकार सांगते, इथेनॉलचा भाव सरकार जाहीर करते. नफा-नुकसान मात्र कारखान्याचे, म्हणजे सभासदांचे.

एफआरपीचा हिशेब सभासदांनी जरा नीट पाहावा. २०१७-१८ ला क्विंटलला २५५ रुपये होते, पुढच्या वर्षी २७५ झाले. वीस रुपये वाढले म्हणून पेढे वाटले गेले. पण पहिला दर साडेनऊ टक्के उताऱ्याला होता आणि दुसरा दहा टक्क्यांना. जुन्याच साडेनऊवर मोजले तर नवा दर २६१ रुपये २५ पैसे भरतो. खरी वाढ सव्वासहा रुपये. २०२२-२३ मध्ये पाया पुन्हा १०.२५ केला, तेव्हाही असेच झाले. २९० चे ३०५ दिसले, पण १०.२५ उताऱ्याला जुन्या हिशेबानेही २९७ रुपये २५ पैसे मिळतच होते. पुढे २०२३-२४ ला ३१५, नंतर ३४० आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी ३५५. वाढ कमी वाटत असली तरी कारखान्याच्या बाजूने ती कमी नाही, कारण साखरेचा किमान दर २०१९ मध्ये ३१ झाला तो पुढे कित्येक हंगाम तिथेच बसून राहिला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत बिल द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. साखर पोत्यात पडून, कोटा महिन्याचा, आणि बिल चौदा दिवसांत. ही रक्कम बँकेच्या माल तारणातून येते आणि त्याचे व्याज अंतिम दरातून जाते. "संचालक मंडळाने पैसे अडवले" असे चावडीवर बोलण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. संचालकांची वकिली करायला आम्हाला कोणी सांगितलेले नाही, आणि काही ठिकाणी पैसे खरोखर अडवले जातात हेही आम्ही जाणतो.

जिनिव्हाची गोष्ट आणखी नवलाची आहे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. निर्यातीला आपले सरकार अनुदान देत होते, ते तर होतेच. २०१९-२० मध्ये टनाला १०,४४८ रुपये ठरले होते. पण त्यांचा दुसरा मुद्दा आपल्या एफआरपीवरच होता. भारत सरकार उसाला ठराविक दर बांधून देते, म्हणजे शेतकऱ्याला नियमाबाहेर मदत करते, असे त्यांचे म्हणणे. आपल्या बाजूने सांगितले गेले की हा पैसा सरकार देतच नाही, कारखाने देतात. १४ डिसेंबर २०२१ रोजी निवाडा आला, आपल्या विरुद्ध. पैसा कोणाच्याही खिशातून जावो, दर सरकारने बांधला म्हणजे तो आधारच, असे त्या पंचांनी धरले. आणि त्या संघटनेच्या करारात असा दर किती जास्त आहे हे मोजायचे ते १९८६ ते १९८८ च्या परदेशी भावाशी! त्या वर्षांत डिझेल काय होते, युरियाचे पोते काय होते, तोडणीचा दर काय होता, हे सभासदांनी आठवून पाहावे.

भारताने त्यावर अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेले. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या होत्या. खालच्या कोर्टात हरलो आणि वरच्या कोर्टाला कुलूप, अशी स्थिती झाली. तोवर आपली एफआरपी वाचली, ती या कुलपामुळे. यात समाधान मानावे की काळजी करावी, आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

कुलूप नसते तर काय होते, ते युरोपात दिसले. तिथे साखर बिटापासून होते आणि युरोपच्या शेतकऱ्याला जागतिक भावाच्या कितीतरी वर दर मिळे. ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया यांनी २००२ मध्ये आणि थायलंडने २००३ मध्ये तक्रार केली, २००५ मध्ये ते जिंकले, आणि २००६ पासून युरोपने साखरेचा आधारभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के खाली आणायचे ठरवले. आयर्लंडमध्ये कार्लो नावाचे गाव आहे. तिथला कारखाना १९२६ चा, म्हणजे आपल्या प्रवरानगरच्या कारखान्याहून चोवीस वर्षांनी जुना. तो २००५ मध्ये बंद झाला. मॅलोचा शेवटचा कारखाना २००६ मध्ये. त्या देशात बिटाची साखर करणारा एकही कारखाना उरला नाही. पलीकडे कॅरिबियन समुद्रात सेंट किट्स नावाचे बेट, तीनशे वर्षांहून जास्त काळ उसावर जगलेले; युरोपचा चढा भाव जाणार म्हटल्यावर त्यांनी २००५ चे पीक गाळले आणि दुकान बंद केले. आता तिथे हॉटेले आणि पर्यटक.

फिलिपाईन्सच्या नेग्रोस बेटाची कथा याहून वाईट आहे. तिथे उसाशिवाय दुसरे पीकच नव्हते म्हटले तरी चालेल. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला पौंडाला साठ सेंटांच्या वर भाव गेला होता. दहा वर्षांनी, १९८४-८५ मध्ये, तो पाच सेंटांच्या खाली आला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या शीतपेय कंपन्या साखर सोडून मक्याच्या सिरपकडे वळल्या आणि अमेरिकेने साखरेच्या आयातीवर कोटे लावले. नेग्रोसच्या जमीनदारांनी ऊस लावायचेच सोडून दिले. जमीन पडीक आणि मजूर उपाशी; कुपोषित पोरांची छायाचित्रे जगभर छापली गेली. हिरव्यागार, पावसाच्या बेटावर दुष्काळ पडला, आणि पडला तो पाण्याचा नव्हे, भावाचा. आमच्या शेतकी पदविकेच्या पुस्तकात असला दुष्काळ नव्हता.

आता ब्राझील. जगात जी साखर देशाबाहेर विकली जाते तिच्यात जवळजवळ निम्मी एकट्या ब्राझीलची. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये त्यांनी अल्कोहोलचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. २००३ पासून तिथे पेट्रोल आणि अल्कोहोल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या मोटारी आल्या. तिथला कारखाना साखरेला भाव असेल तेव्हा साखर जास्त करतो, नसेल तेव्हा अल्कोहोल. साओ पाउलोचा मोटारवाला पंपावर दोन्हींचे भाव बघून ठरवतो. आपल्या सरकारने इथेनॉल धोरण आणले, जून २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. काम मोठे झाले, यात शंका नाही. पण आपल्याकडे साखर करायची की इथेनॉल, हे ठरवण्याची मोकळीक कारखान्याला नाही. डिसेंबरचा आदेश ऑगस्ट २०२४ मध्ये मागे घेतला गेला. उद्या पाऊस ओढला तर तसाच आदेश पुन्हा येणार नाही असे आम्ही तरी आता कोणाला सांगणार नाही.

ब्राझीलची आणखी एक गोष्ट आमच्या मनात जास्त घर करून आहे. साओ पाउलोच्या फडात ऊस तोडायला माणसे यायची ती शेकडो मैलांवरून, ईशान्येकडच्या कोरड्या प्रांतांतून आणि मिनास जेराइसमधल्या जेकितिनोन्या खोऱ्यातून. टनावर मजुरी. हंगाम संपला की परत. ओळखीचे वाटते ना? पाचट पेटवून मग तोडत असत. २००२ मध्ये तिथे फड पेटवण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी घालणारा कायदा झाला, २००७ मध्ये कारखान्यांशी करार होऊन मुदत आणखी अलीकडे आणली. धूर कमी व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण न पेटवलेला ऊस हाताने तोडणे जड जाते, म्हणून यंत्रे आली. काही वर्षांत बहुतेक तोडणी यंत्राने होऊ लागली आणि त्या कोरड्या खोऱ्यांतल्या माणसांचे सहा-आठ महिन्यांचे काम गेले. काहींना ट्रॅक्टरवर, कारखान्यात काम मिळाले. बाकीचे शहरांच्या कडेला गेले.

आपल्या कारखान्याच्या तळावर बीड, जालना, नगरकडच्या टोळ्या दरवर्षी उतरतात. उचल घेतलेली, मुकादमाच्या वहीत नाव, नवरा-बायको मिळून एक कोयता. मालक-मजूर दोघांच्याही तक्रारी आमच्या टेबलावर येतात. सभासद म्हणतात, खुशाली आणि एन्ट्रीच्या नावाखाली एकरी हजारो रुपये मागतात. ते बरोबर नाही, आणि आम्ही तशी नोंद घेतो. पण पहाटे तीनला वाढे बांधणारी बाई आणि कोपीत एकटे झोपलेले पोर आम्ही रोज पाहतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला, शासनाने समिती नेमली. पाळीच्या दिवसांत खाडा पडून दंड नको म्हणून बायका कोणत्या टोकाला गेल्या, हे त्यातून बाहेर आले. त्या आपलाच ऊस तोडत होत्या.

आता हार्वेस्टरला सरकारी अनुदान आहे. टोळ्या कमी येतात, उचल बुडवून मुकादम पळतात, म्हणून वाहतूकदारही यंत्र मागतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली, ती न्याय्यच होती. यंत्राला साडेचार-पाच फुटी सरी लागते, लांब तास लागतात, वळायला जागा लागते. आपल्याकडे तीन फुटी सरी आणि वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे. ज्याचे क्षेत्र मोठे त्याचा ऊस यंत्राने वेळेवर जाईल, लहान सभासद टोळीची वाट पाहत बसेल, टोळ्या तर कमी होत जाणार. हा धोका आम्हाला जिनिव्हाच्या निवाड्यापेक्षा जवळचा वाटतो. म्हणून पुढच्या लागणीत बांधाला बांध असलेल्या चार-पाच सभासदांनी एकाच तारखेला, एकाच जातीची, एकाच दिशेने पाच फुटी सरीवर लागण करावी आणि गटाची एक नोंद द्यावी, असा आमचा आग्रह आहे. बांध मोडायचा नाही, फक्त सरीची दिशा जुळवायची. भावाभावांतले वाद मिटवणे आमच्या खात्याच्या हातात नाही, पण आखणीला माणूस देऊ.

इतके सगळे वाचून सभासद म्हणतील, मग आमच्या हातात काय राहिले? न्यूयॉर्क नाही, दिल्ली नाही. उतारा आहे. २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ च्या वर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे जादा मिळतात. तोडलेला ऊस फडात दोन-दोन दिवस पडला की हा पैसा उन्हात वाळून जातो. गाडीत वाढे, पाचट, माती आली की जातो. तोडीआधी वशिला लावून कोवळा खोडवा पुढे ढकलला की सगळ्यांचा जातो, कारण उतारा सर्वांचा एकत्र निघतो. आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा, हा तोडणी कार्यक्रम त्यासाठीच आहे. तो मोडण्यासाठी आमच्या ऑफिसात येणाऱ्या चिठ्ठ्या कमी झाल्या तर बरे.

आणि सगळे रान उसाखाली घालू नका. हे ऊस विकास अधिकाऱ्याने लिहावे याचे काहींना नवल वाटेल, गाळपाच्या बैठकीत आम्हाला याबद्दल बोलणीही बसतील. तरी लिहितो. खोडव्यानंतर एक हंगाम सोयाबीन, हरभरा किंवा ताग घ्या. जमीन सुधारते हे तर आम्ही नेहमीच सांगतो. पण ज्या वर्षी दिल्लीहून आदेश येईल त्या वर्षी घरात दुसरा एक पैसा असावा, हे आधी सांगितले नव्हते.

दादांकडे मागल्या महिन्यात माती नमुने घ्यायला गेलो होतो. खालच्या दोन एकरांत हरभरा होता, घाटे भरलेले. आम्ही काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "इथेनॉल बंद पडलं तरी हे इकतंय, साहेब." मग चहा आला. चहात साखर जरा जास्तच होती.